दुखवट्याच्या घरी आगमनाचा दिवा

कार्तिक सरून मार्गशीर्ष लागला की आपल्या कोल्हापूर-निपाणी-बेळगाव पट्ट्यातील हवा पालटते. रस्त्याने उसाच्या गाड्या कारखान्यांकडे लागलेल्या असतात. निपाणीच्या वखारींवरून जाताना तंबाखूचा उग्र वास नाकात भरतो. आणि तवंदीचा घाट ओलांडून बेळगावच्या कॅम्पात शिरावे तो सकाळच्या धुक्यात जुनी झाडे अर्धीच दिसत असतात. दिवाळीचे आकाशकंदील नुकतेच कोठे माळ्यावर गेलेले असतात. अशा वेळी मधूनच एखाद्या घराच्या ओटीवर कागदी तारा लटकताना दिसतो आणि आपण सहज म्हणतो, “नाताळ जवळ आला.”

नाताळ आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. शेजारच्या ख्रिस्ती घरून आलेल्या करंज्या-लाडवांचे ताट जुन्या वाड्यांतून पुष्कळांनी परत भरून पाठविलेले आहे. परंतु त्या सणाआधी जे चार आठवडे येतात, त्यांची ओळख आपल्याला फारशी नसते. ख्रिस्ती मंडळी त्यांना ‘आगमनकाळ’ म्हणतात. या चार आठवड्यांचा स्वभाव सणाचा नसून वाट पाहण्याचा आहे. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलेले आहे, किंवा जेथे एकटाच म्हातारा जीव उरला आहे, त्या घराशी या काळाचे एक खास नाते आहे. आजचा हा लेख त्या नात्याविषयी आहे.

आगमनकाळ 30 नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होतो. म्हणजे 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान. तेथून नाताळापर्यंत चार रविवार मोजावयाचे. जुन्या परंपरेच्या चर्चमध्ये या दिवसांत वेदीवर जांभळे वस्त्र असते. जांभळा हा तेथे पश्चात्तापाचा व संयमाचा रंग. आनंदाची मोठी गीते राखून ठेवलेली असतात आणि वाचने असतात ती अंधारात चालणाऱ्या लोकांची व संदेष्ट्यांनी दिलेल्या धीराची. त्याआधीचा नोव्हेंबर महिना कॅथलिक लोकांत मृतांच्या स्मरणाचा असतो. 2 नोव्हेंबरला कबरी झाडून, फुले वाहून, मेणबत्त्या लावतात. म्हणजे वर्षाचा हा सारा क्रमच असा आहे की आधी गेलेल्यांचे स्मरण, मग वाट पाहणे आणि त्यानंतर सण. ज्याचे माणूस गेले त्याला एकदम झगमगाटात ढकलावयाचे नाही, त्याला थोडा वेळ द्यावयाचा, अशी या क्रमात जणू सोय करून ठेवली आहे.

आपल्याकडे ही सोय निराळ्या रीतीने आहे. माणूस गेले त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. शेजारी पिठले-भात घेऊन येतात. दहावा, तेरावा होईतो घर माणसांनी भरलेले असते. पुढे येणारा पहिला सण दुखवट्याचा. त्या दिवाळीला कढई चढत नाही, फराळ नातेवाइकांकडून येतो. हे सारे किती शहाणपणाने बांधलेले आहे! परंतु आपल्या घरांतून आज काय होते ते आपणच पाहतो. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगा पुण्याच्या गाडीत बसतो, मुलगी बंगळूरला परतते, नातवाची परीक्षा असते. घरातील भांडी जागच्या जागी लागतात आणि खरा दुखवटा त्यानंतर सुरू होतो. चौदाव्या दिवशी संध्याकाळी दिवा लावताना हाक मारावयास कोणी नसते, त्या संध्याकाळची तजवीज कोणत्याही पोथीत सांगितलेली नाही.

सीमाभागात हे एकटेपण आणखी एका कारणाने दाट झाले आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. निपाणीही त्याबरोबर गेली. 1973 साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले व 2014 साली बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. सोयरिकी मात्र राज्यांच्या रेषा पाहून जुळलेल्या नव्हत्या. माहेर निपाणीस आणि सासर कोल्हापुरास, चुलता बेळगावात आणि पुतण्या गडहिंग्लजला, असाच आपला सगळा गोतावळा आहे. पुढे शिक्षण व नोकरी यांनी तरुण पिढी आणखी दूर नेली. जुन्या घरांतून आईवडील राहिले. पुढे त्यांतीलही एकच राहिले. ख्रिस्ती घरे तर या गावांतून आधीच मोजकी. मोठ्या समाजातल्या एकाकी माणसाला निदान गल्ली असते. लहान समाजातल्या एकाकी माणसाला पुष्कळदा आपल्या रविवारच्या मंडळीवाचून दुसरे कोणी नसते.

या भागातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास जुना आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे काम बेळगावात 1820 साली सुरू झाले. 1904 मध्ये त्या संस्थेने आपले तेथील काम अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनकडे सोपविले. बेननस्मिथ हायस्कूलचे नाव तर बेळगावातील जुन्या घरांना सांगावयास नको. कितीतरी हिंदू घरांतील आजोबा त्या शाळेचे विद्यार्थी. लष्करी छावणीमुळे कॅम्पात अँग्लिकन व कॅथलिक उपासनामंदिरे उभी राहिली. 19 सप्टेंबर 1953 रोजी बेळगावचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला आणि फातिमा मातेचे मंदिर त्याचे मुख्य स्थान ठरले. इकडे कोल्हापुरात रॉयल गोल्ड वाइल्डर 1852 साली आले. त्यांचे नाव येथील चर्चला आहे. मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली रुग्णालय उघडले, आणि तेव्हापासून निपाणी-चिकोडीकडची माणसे आपले आजारी माणूस गाडीत घालून मिरजेची वाट धरू लागली. त्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात रात्र काढलेली कुटुंबे या पट्ट्यात गावोगाव सापडतील. दुःखितांच्या शेजारी बसणे हा आपल्या भागातील ख्रिस्ती कार्याचा पहिल्यापासूनचा भाग आहे, तो असा.

आता आगमनकाळाच्या कथांकडे वळू. नाताळ म्हटला की गोठा, मेंढपाळ, तारा आणि बाळ डोळ्यांसमोर येते. परंतु त्याआधीची जी माणसे शुभवर्तमानात भेटतात ती जवळजवळ सारी वाट पाहून थकलेली आहेत. अलीशिबा नावाची उतारवयातील स्त्री, जन्मभर मूल नाही म्हणून लोकांचे बोल ऐकलेली. हन्ना नावाची संदेष्टी, सात वर्षे संसार करून विधवा झालेली आणि वयाच्या चौऱ्यांशीपर्यंत मंदिराच्या आवारातच दिवस कंठलेली. शिमोन नावाचा वृद्ध, मरणाआधी एकदा देवाचे सांत्वन डोळ्यांनी पाहावे एवढ्या एका आशेवर जगणारा. लूकच्या शुभवर्तमानात ख्रिस्ताच्या जन्माची कथा अशा माणसांच्या घरांतून जाते. ज्यांना आपण समारंभात मागच्या खुर्चीवर बसवितो, त्यांना त्या कथेत पुढच्या ओळीत जागा आहे.

त्यांतही मरीया व अलीशिबा यांची भेट ध्यानात घेण्याजोगी आहे. स्वतः मरीया त्या वेळी संकटात आहे. लग्नाआधीच दिवस गेलेले, लोक काय म्हणतील याची धास्ती. अशी ती मुलगी डोंगराळ मुलखातून वाट काढीत आपल्या वयस्क नात्यातल्या बाईकडे जाते आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहते. या तीन महिन्यांत तिने काय उपदेश केला ते लूक सांगत नाही. तिने पाणी भरले असेल, दळण दळले असेल, म्हाताऱ्या गरोदर बाईचे पाय चेपले असतील. शास्त्राने ‘राहिली’ एवढाच शब्द ठेवला, आणि तो पुरेसा आहे. आगमनकाळात दुःखितांना भेटण्याची जी चाल आहे तिचे मूळ शोधावयाचे झाल्यास ते या राहण्यात आहे.

दुसरी कथा ईयोबाची. एका दिवसात ज्याची मुलेबाळे, गुरेढोरे, वैभव सारे गेले, त्या ईयोबाकडे तीन मित्र आले. त्याची दशा पाहून ते सात दिवस व सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले. कोणी एक अक्षर उच्चारले नाही. तेथवर त्यांनी मित्राचा धर्म उत्तम पाळला. पुढे त्यांनी तोंड उघडले, दुःखाची कारणे सांगू लागले, तुझ्या हातूनच काही पाप घडले असेल असे समजावू लागले आणि तेथेच सारे बिघडले. ग्रंथाच्या शेवटी देव त्या बोलणाऱ्यांवरच रागावतो. हा ग्रंथ किती जुना, आणि त्यातील शहाणपण किती ताजे! दुखवट्याच्या घरात बसून “देवाची मर्जी”, “त्यांचे सोने झाले”, “आता तुम्हीच धीर धरला पाहिजे” ही वाक्ये आपणही किती सहज बोलून जातो. ती खोटी नसतीलही. परंतु ती बहुधा ऐकणाऱ्यासाठी नसून बोलणाऱ्याची अडचण सोडविण्यासाठी असतात. रडणारे माणूस समोर असले की आपल्याला ते सोसत नाही, म्हणून आपण वाक्य पुढे करतो.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती घराण्यांत शोक आणि श्रद्धा एकत्र नांदल्याची दोन मोठी उदाहरणे आपल्यासमोर आहेत. पहिले पंडिता रमाबाईंचे. जन्म 1858 मध्ये, कर्नाटकातील गंगामूळच्या डोंगरात. म्हणजे कानडी मुलूख आणि मराठी घर हे आपल्या सीमाभागाचे लेणे त्यांच्याही वाट्याला आले होते. दुष्काळात आईवडील व बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती गेले आणि पदरात लहानगी मनोरमा राहिली. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1889 मध्ये मुंबईस शारदा सदन उघडले. पुढे केडगावास मुक्ती सदन वाढविले आणि दुष्काळातून आलेल्या शेकडो अनाथ व विधवा स्त्रियांना तेथे थारा दिला. उतारवयात, 1921 साली, मनोरमाही गेली. तरी बाईंनी हाती घेतलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर पुरे केले आणि 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवला. ज्या बाईच्या घरातील एकेक माणूस गेले, तिने घर नसलेल्यांसाठी घर बांधले. दुःखाचा अर्थ काय, याचे उत्तर रमाबाईंनी तत्त्वज्ञानात न देता केडगावच्या स्वयंपाकघरात दिले, असे म्हटले तर चूक होणार नाही.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे, आणि ते आपल्या विषयाला अधिक जवळचे आहे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर जे कोसळले ते एका परीने वैधव्याहूनही अवघड होते. नवरा जिवंत, आणि तरी संसार संपलेला. लहान मुलगा पदरी. दुखवट्याला समाजाची रीत असते, परंतु अशा दुःखाला कोणतीच रीत नव्हती; त्याला तेरावा नाही, अस्थी नाहीत, शांत नाही. त्या वर्षांत बहिणीने व मेहुण्यांनी त्यांना सांभाळले. या आप्तांचे मत टिळकांच्या बाजूचे नव्हते, परंतु त्यांनी दुःखी बाईला आधी जेवू घातले आणि मते मागाहून सांगितली. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, आणि 1900 साली स्वतःच्या विचाराने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ ज्यांनी वाचला आहे त्यांना ठाऊक आहे की त्यात दुःखाचे प्रसंग हशाच्या शेजारीच बसलेले आहेत. ते दुःख बाईंनी लपविले नाही आणि मिरविलेही नाही.

9 मे 1919 रोजी टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य अपुरे राहिले होते. प्रारंभीचेच काही अध्याय झाले होते. ज्यांचे शालेय शिक्षण नाममात्र, ज्यांच्या हाती लेखणीही टिळकांच्या संगतीत आली, त्या लक्ष्मीबाईंनी उरलेले अध्याय स्वतः रचून ते काव्य पूर्ण केले. गेलेल्या माणसाचे अर्धे राहिलेले काम हाती घेणे हा शोकातून चालण्याचा एक फार जुना मार्ग आहे. नवऱ्याने लावलेल्या झाडाला पाणी घालणारी म्हातारी, वडिलांची हिशेबाची वही पुढे चालविणारा मुलगा हे सारे त्याच वाटेचे प्रवासी. अशा माणसाला भेटावयास गेल्यावर “आता ते कशाला करता?” असे न म्हणता ते झाड पाहावे, ती वही हातात घेऊन चाळावी. त्यात अर्धे सांत्वन होऊन जाते.

आगमनाच्या दिव्यांची कथाही अशाच एका गरजेतून निघाली आहे. हिरव्या फांद्यांच्या वर्तुळात चार मेणबत्त्या ठेवून दर रविवारी एक अधिक लावण्याची पद्धत आता आपल्याकडीलही पुष्कळ चर्चमध्ये दिसते. तिचा उगम जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात झाला. योहान हिन्‍रिख विखर्न नावाच्या धर्मसेवकाने तेथे 1833 साली गरीब व निराधार मुलांसाठी घर काढले होते. नाताळ किती दिवसांवर आला, असे मुले त्याला रोज विचारीत. त्याने 1839 साली गाडीचे एक जुने चाक घेतले, त्यावर रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या व इतर दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या बसविल्या आणि रोज एक लावावयाची असे ठरविले. ज्यांना घर नाही, ज्यांची वाट पाहणारे कोणी नाही, अशा मुलांना वाट पाहण्याचे धैर्य यावे म्हणून ते चाक होते. आज दिवाणखान्यांत शोभेसाठी ठेवतात, त्या चक्राचे मूळ असे अनाथ मुलांच्या खोलीत आहे.

आणखी एक आठवण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. डीट्रिख बॉनहॉफर हा जर्मन धर्मपंडित हिटलरच्या राजवटीला विरोध केल्यामुळे 1943 च्या एप्रिलमध्ये कैद झाला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बर्लिनच्या तुरुंगातून मित्राला लिहिताना त्याने आगमनकाळाची तुलना कोठडीशी केली. माणूस आत बसून आशा करतो, हे ते करीत राहतो, परंतु दार बंद असते आणि ते बाहेरूनच उघडावे लागते, असा त्याच्या लिहिण्याचा भावार्थ. 9 एप्रिल 1945 रोजी त्याला फाशी देण्यात आले. शोकात बुडालेल्या माणसाची खोलीही अशीच असते. “घराबाहेर पडा, मन रमवा” हा सल्ला आपण मोठ्या हौसेने देतो. परंतु त्या दाराची कडी बाहेरच्या बाजूला आहे हे विसरतो. ती आपण जाऊन काढावी लागते.

पाश्चात्त्य देशांत अलीकडे पुष्कळ चर्चमधून 21 डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे वर्षातील सर्वांत मोठ्या रात्री, शोकग्रस्तांसाठी एक निराळी उपासना ठेवतात. तीत दिवे मंद असतात, गीते थोडी असतात, गेलेल्या माणसांची नावे घेऊन एकेक मेणबत्ती लावतात आणि ज्याला रडावयाचे त्याला रडू देतात. सणाच्या दिवसांत हसरे तोंड करण्याची सक्ती ज्यांना पेलत नाही, त्यांच्यासाठी ही जागा आहे. आपल्याकडे असे स्वतंत्र नाव देण्याची गरज पडावी असे नाही. आपल्या भजनात, कीर्तनात, टिळकांच्या गीतांत करुण रसाला पहिल्यापासून मान आहे. परंतु त्यामागचा विचार घेण्याजोगा आहे, तो असा की शोक करणाऱ्याला सणातून वगळू नये, आणि त्याच्यावर सण लादूही नये.

असा विचार आपल्या भूमीलाही परका नाही. मार्गशीर्षी पौर्णिमेला सौंदत्तीच्या रेणुकेच्या डोंगरावर देवीच्या वैधव्याचा विधी होतो; कोल्हापूर-बेळगावकडील बायकांच्या तोंडी ती ‘रांडाव पुनव’. देवीच्या बांगड्या फुटतात, आणि हजारो भक्त त्या दुःखात सामील होतात. पुढे तिला सौभाग्य परत मिळाल्याची पौर्णिमाही येते. मधला काळ वाट पाहण्याचा. श्रद्धा निराळ्या, कथा निराळ्या, त्यांची सरमिसळ करण्याचे कारण नाही. तरीही याच थंडीच्या दिवसांत याच मुलखात एका डोंगरावर देवीसाठी बांगडी फुटते आणि एका चर्चमध्ये अंधारात पहिली मेणबत्ती पेटते, हे पाहिले म्हणजे दुःखाला पंचांगात जागा असावी हे आपल्या पूर्वजांना चांगले उमगले होते असे वाटते.

सन 2020 व 2021 या दोन वर्षांत ही जागाच हिरावली गेली होती. महामारीत माणसे रुग्णालयात एकटी गेली. अंत्यविधीला मोजकी माणसे. खांद्याला खांदा देणारे नाहीत, ओटीवर बसावयास येणारे नाहीत. मंदिरे व चर्च बंद होती. सीमेवर तपासणी होती, त्यामुळे निपाणीच्या लेकीला कोल्हापुरी माहेरचे दर्शनही अवघड झाले. त्या काळातील कितीतरी दुखवटे अजून मनातच आहेत; त्यांचे रडणे व्हावयाचे राहून गेले आहे. अशा घरी इतक्या वर्षांनी जाऊन “त्या वेळी येता आले नाही, म्हणून आज आलो” असे म्हटले तर ते उशिराचे ठरत नाही. शोकाच्या भेटीला मुदत नसते.

सीमाभागातील मंडळ्यांपुढे आणखी एक नाजूक प्रश्न असतो, तो भाषेचा. बेळगावातील एकाच चर्चच्या परिसरात मराठी, कानडी, कोंकणी आणि इंग्रजी कानी पडते. रोजचा व्यवहार माणूस कोणत्याही भाषेत करील. परंतु रडताना तो आईच्याच भाषेत रडतो. ज्या आजीने जन्मभर मराठीतून प्रार्थना केली तिच्या उशाशी बसून दुसऱ्या भाषेत कितीही सुंदर प्रार्थना केली तरी ती तिच्या काळजापर्यंत पोचत नाही. आणि कानडी घरातील म्हाताऱ्याच्या बाबतीतही नेमके हेच. फादर थॉमस स्टीफन्स हा 1549 साली जन्मलेला इंग्रज 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1616 साली त्याने ‘क्रिस्तपुराण’ ओवीत लिहून छापले, ते हीच गोष्ट ओळखून. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकण्याची सवय होती. त्यांना त्यांच्या कानाला ओळखीची ओवी हवी होती. त्या ग्रंथाचा पहिला भाग सारा तारणाऱ्याची वाट पाहण्याचाच आहे. म्हणून भेटीस कोणी जावे हे ठरविताना पाळकांनी व मंडळीतील वडीलधाऱ्यांनी भाषेचा विचार अवश्य करावा. राज्य कोणते, यावर वाद होऊ शकतो. उशाशी कोणती भाषा बोलावी यावर वाद असू नये.

मग प्रत्यक्षात करावे काय? यासाठी मोठी योजना लागत नाही. आगमनाच्या प्रत्येक रविवारी एक घर, असे चार घरांचे व्रत कोणालाही झेपेल. जाताना डबा न्यावा, आणि तो परत मागू नये. डबा नेण्याच्या निमित्ताने पुन्हा जाता येते. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे. आपण ते नाव टाळतो, दुःख जागे होईल म्हणून. परंतु ते दुःख झोपलेले नसतेच, आणि आपल्या माणसाचे नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे हे शोक करणाऱ्याला पाण्याच्या घोटासारखे असते. त्याची एखादी आठवण आपल्याजवळ असेल तर ती सांगावी. प्रार्थना करावयाची असल्यास विचारून करावी, आणि ती थोडकी असावी. बायको गेलेल्या म्हाताऱ्याला चहा करता येत नसेल. त्याला दया दाखविण्यापेक्षा चहा करावयास शिकवावे. नवरा गेलेल्या बाईला पेन्शनच्या कागदांची धास्ती असेल. तिच्याबरोबर बँकेत जावे. नाताळच्या गाण्यांची टोळी रात्री घरोघर फिरते, तेव्हा दुखवट्याच्या घरापुढून ढोलकी वाजवीत पुढे निघून जाऊ नये, आणि त्या घराला गाळूही नये. दारात उभे राहून एक संथ गीत म्हणावे, दोन मिनिटे थांबावे आणि मग निघावे.

यात एक सावधगिरी बाळगली पाहिजे. शोकातील माणूस दुबळे झालेले असते. अशा वेळी त्याच्या दुःखाचा उपयोग आपला पंथ, आपले मत किंवा आपली थोरवी पुढे करण्यासाठी करणे हे पाप आहे, मग करणारा कोणत्याही धर्माचा असो. याकोबाच्या पत्रात शुद्ध धर्माची जी व्याख्या केली आहे तीत अनाथांचा व विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणे हे पहिले लक्षण सांगितले आहे. त्यांनी त्याबदली काय द्यावे, याची अट तेथे नाही.

चौथ्या रविवारी चौथी मेणबत्ती लागते. तोवर पहिली बरीच जळून आखूड झालेली असते. चारींची उंची कधीच सारखी नसते. मंडळीतल्या माणसांचेही तसेच आहे. कोणाचे दुःख जुने होऊन खाली उतरलेले, कोणाचे अगदी नवे. सर्वांनी एकाच उंचीवर, एकाच आनंदाने नाताळ साजरा करावा अशी अपेक्षा करण्याचे कारण नाही. एकाच वर्तुळात, एकमेकांच्या उजेडात ती उभी असली म्हणजे झाले.

यंदा नाताळच्या ताटाची वाट आपण नेहमीप्रमाणे पाहू. परंतु आपल्या गल्लीतील एखाद्या ख्रिस्ती घरावर यंदा तारा लागलेला नसेल, तर तो का लागला नाही हे जाऊन विचारावे. कदाचित त्या घरात या वर्षी करंज्या झाल्या नसतील. तसे असेल तर आपल्या घरी कढई चढवावी आणि ताट आपण न्यावे. दुखवट्याच्या घरी फराळ बाहेरून जातो, ही रीत आपलीच आहे. ती फक्त दिवाळीपुरती आहे असे कोणी सांगितलेले नाही.